अंगावरचे वस्त्र आणि भिंतीवरची तसबीर

गुलबर्ग्याहून, म्हणजे आजच्या कलबुर्गीहून, आळंदकडे निघाले की वाटेत कडगंची लागते. मराठी वाचकाला हे गाव ठाऊक असते ते दत्तसंप्रदायामुळे. श्रीनृसिंहसरस्वतींचा शिष्य सायंदेव या गावचा, आणि त्याच्याच वंशातील सरस्वती गंगाधराने गुरुचरित्र रचले. अलीकडच्या पिढीला ते ठाऊक असते ते कर्नाटक केंद्रीय विद्यापीठामुळे. हे विद्यापीठ २००९ साली स्थापन झाले आणि त्याचा विस्तीर्ण परिसर कडगंचीच्या माळावर उभा राहिला. जुना ग्रंथ आणि नवे विद्यापीठ यांच्यामध्ये जे गाव आहे, ते मात्र शेतकऱ्यांचे आणि शेतमजुरांचे आहे. भोवतालची जमीन काळी, पिके तुरीची आणि ज्वारीची. बोली कानडी, पण मराठी कळणारे पुष्कळ, दखनी उर्दू बोलणारे पुष्कळ, आणि तांड्यांवर लमाणी.

मार्गशीर्ष-पौषात या भागातील तूर काढणीला येते. त्या दिवसांत रस्त्यावरून जाणाऱ्या प्रवाशाने शेतांकडे पाहिले तर कामावरच्या बायका एका विशिष्ट वेषात दिसतात. नेसू साडी किंवा इरकली लुगडे असते, डोक्याला टॉवेल अथवा फडके आवळलेले असते, आणि पदरासकट सर्व अंगावर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवलेला असतो. तो नवऱ्याचा जुना असतो, मुलाचा असतो, कधी शाळेच्या गणवेशातून बाद झालेलाही असतो. तुरीची धाटे हातांना ओरखडतात, धूळ आणि फोलपट मानेत शिरते, उन्हाने दंड भाजतात. शर्ट हे सारे अंगावर घेतो. शिवाय त्याला खिसा असतो. चोळीला खिसा शिवण्याचे शहाणपण आपल्या शिंप्यांना शेकडो वर्षांत सुचले नाही, ही तक्रार या निमित्ताने नोंदवून ठेवायला हरकत नाही.

मराठवाड्यात, सोलापूरकडे, ऊसतोडीच्या फडांवर हाच वेष दिसतो. आश्चर्य असे की त्याला नाव नाही. मराठीत कापडाला आणि कापड नेसण्याच्या तऱ्हांना किती शब्द आहेत! लुगडे, पातळ, शालू, पैठणी, चंद्रकळा, खण, चोळी, ओचा, कासोटा, पदर, निऱ्या. पण लक्षावधी स्त्रिया वर्षातील कित्येक महिने ज्या वेषात वावरतात, त्याला भाषेने एकही शब्द दिलेला नाही. वेषभूषेची पुस्तके त्याची सहसा दखल घेत नाहीत. आणि ज्या घरांतून या बायका पहाटे कामाला निघतात, त्या घरांच्या भिंतींवरील तसबिरींतही हा शर्ट कोठे सापडत नाही.

त्या तसबिरींत काय असते ते सर्वांच्या परिचयाचे आहे. लग्नाचा फोटो, त्यात शालू आणि भाड्याचा किंवा उसना कोट. जत्रेतील फोटो, पाठीमागे रंगवलेला पडदा, त्यावर ताजमहाल नाहीतर हंस पोहत असलेले तळे. निवर्तलेल्या वडिलांचा फोटो, त्यांना फेटा, आणि फोटोला हार. एखादी मुलगी शिकलेली असेल तर पदवीदानाचा झगा किंवा उपरणे. ज्या कपड्यांत माणसाचे आयुष्य गेले ते कपडे या सर्व चित्रांतून वगळलेले असतात. हे वगळणे कोणी केले आणि का केले, हा या भाषणाचा विषय आहे.

येथे थोडे मागे, एकोणिसाव्या शतकात गेले पाहिजे. जॉन फोर्ब्स वॉटसन नावाचे एक गृहस्थ लंडनच्या इंडिया ऑफिसात हिंदुस्थानच्या उत्पन्नाविषयीचे अधिकारी होते. १८६६ साली त्यांनी हिंदुस्थानातील कापडाचे नमुने गोळा करून त्यांचे १८ खंड तयार केले. एकूण ७०० नमुने, आणि अशा खंडांचे २० संच. कापडाचे चित्र काढून भागणार नव्हते म्हणून खऱ्या धोतराचे, पागोट्याचे, लुगड्याचे तुकडे कापून पानांवर चिकटवले. शेजारी त्या वस्त्राची लांबी, रुंदी, वजन आणि ते कोठे विकत घेतले त्या गावाचे नाव. हेतू उघड होता: मँचेस्टरच्या गिरणीवाल्याने ते पाहावे आणि हुबेहूब तसा माल विणून येथे पाठवावा. विणकराचे नाव लिहिण्याची गरज कोणाला वाटली नाही.

याच वॉटसनसाहेबांनी जॉन विल्यम के यांच्यासह दुसरे एक मोठे काम केले. ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाचे आठ खंड १८६८ ते १८७५ या काळात प्रसिद्ध झाले. त्यांत ४६८ छायाचित्रे आहेत. चित्रांत माणसे आहेत, खाली बहुधा जातीचे किंवा जमातीचे नाव आहे, आणि तिचा स्वभाव, धंदा व सरकारशी असलेली निष्ठा यांविषयी चार ओळी आहेत. बहुतेक माणसांची स्वतःची नावे नाहीत. एका हाताने कापडाचे नमुने जमवायचे आणि दुसऱ्या हाताने माणसांचे, असा हा उद्योग होता. आणि माणसांच्या नमुन्यांत कोण कोणत्या जातीचा हे ओळखण्याची मुख्य खूण पुन्हा कापड हीच होती. पागोटे कसे बांधले आहे, लुगड्याचा काष्टा आहे की नाही, खांद्यावर घोंगडी आहे की शेला आहे.

मुंबईत याची सुरुवात त्याआधीच झाली होती. विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने मुंबईतील निरनिराळ्या समाजांच्या लोकांची चित्रे दोन भागांत, १८६३ आणि १८६६ साली, प्रसिद्ध केली. त्याची युक्ती मोठी गमतीची होती. माणसे तो आपल्या स्टुडिओत उभी करी, आणि मग त्यांच्या आकृती एखाद्या देवळाच्या, रस्त्याच्या वा समुद्रकाठच्या वेगळ्या छायाचित्रावर बसवी. जत्रेतल्या ताजमहालाच्या पडद्याला नावे ठेवणाऱ्यांनी ही वंशावळ ध्यानात ठेवावी.

त्या काळच्या छायाचित्रांत आणखी एक फसवणूक होती, आणि तिच्यात कोणाचा दोष नव्हता. कलोडियन लावलेल्या त्या काचांना निळा प्रकाश फार चटकन समजे आणि तांबडा जवळजवळ समजतच नसे. परिणामी निळे वस्त्र प्रत्यक्षाहून फिकट उमटे आणि तांबडे काळे उमटे. आता इरकली लुगड्याचा विचार करावा. त्याचे अंग बहुधा निळीत रंगवलेले, गडद. पदर तांबड्या रेशमाचा. अशा काचेपुढे ते लुगडे नेसून कोणी उभी राहिली असेल तर तिच्या अंगावरची निळाई उतरली असेल आणि पदराचा सारा डौल काळवंडला असेल. कपाळीचे कुंकू तर काळ्या टिकलीसारखेच दिसे. जुनी छायाचित्रे पाहून पूर्वीच्या वस्त्रांविषयी ठाम मते बनवणाऱ्यांनी म्हणून जरा जपून असावे.

गुलबर्गा त्या वेळी निजामाच्या मुलखात होते आणि १९४८ पर्यंत राहिले. निजामाच्या दरबारचे छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांचे नाव सर्वत्र प्रसिद्ध आहे. त्यांनी १८९२ साली हैदराबादेत केवळ पडदानशीन स्त्रियांसाठी एक निराळा स्टुडिओ उघडला आणि त्यावर एका इंग्रज बाईंची नेमणूक केली. उमराव घराण्यांतील स्त्रियांना जरीची वस्त्रे आणि दागिने घालून, परपुरुषाच्या नजरेस न पडता, स्वतःची तसबीर काढवून घेता येऊ लागली. जातीचे नमुने गोळा करणाऱ्यांपुढे उभ्या राहिलेल्या माणसाने काय ल्यावे हे दुसरा ठरवत असे. येथे बसणारी स्वतः ठरवत होती. हा फरक लहान नाही. पुढे पन्नास-साठ वर्षांत स्टुडिओ जिल्ह्याच्या गावी आले, तालुक्याला आले, जत्रेत तंबू ठोकून बसू लागले, आणि जी निवड हैदराबादच्या बेगमेला मिळाली होती ती शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या आवाक्यात आली. त्याने काय निवडले? स्टुडिओतल्या खुंटीवर टांगलेला कोट. एकच कोट, कोणाला दंडात घट्ट, कोणाला खांद्यात ढगळ, पण साऱ्या गावाच्या अंगावरून फिरून गेलेला. सुशिक्षितांनी या कोटाची थट्टा पुष्कळ केली आहे. ज्याच्या बापजाद्यांचे चित्र कोणी काढलेच असेल तर अर्ध्या उघड्या अंगाचा ‘मजूर’ म्हणून काढले, त्याने पैसे मोजून, एका क्षणापुरता का होईना, आपल्याला हवा तसा पोशाख केला, हे ती थट्टा करताना विसरले जाते.

म्हणून कडगंचीच्या भिंतीवरील तसबिरीतून तो शर्ट कोणी वगळला या प्रश्नाचे पहिले उत्तर असे की, तो त्या बाईनेच वगळला. श्रम तिच्या पाठीला लागलेले आहेतच. ते भिंतीवर टांगून वर्षानुवर्षे पाहावेत असे तिला वाटत नाही. तिला पदर दिसायला हवा आहे.

आणि त्या पदरातही श्रम आहेत, ते निराळ्या माणसांचे. इरकल, म्हणजे इळकल हे गाव बागलकोट जिल्ह्यात आहे. तेथल्या लुगड्याची रचना मोठी विलक्षण. अंगाचा ताणा एक आणि पदराचा रेशमी ताणा दुसरा. हे दोन ताणे वेगवेगळे तयार करून फासात फास अडकवून एकमेकांना जोडावे लागतात. या जोडाला तिकडे ‘टोपे-तेनी’ म्हणतात. हा जोड प्रत्येक लुगड्याला नव्याने घालावा लागत असल्यामुळे एकाच वेळी दहा-वीस लुगड्यांचा लांब ताणा मागावर चढवून विणत सुटणे या पद्धतीत बसत नाही. सहावार असो की नऊवार, एकेका लुगड्यापुरता ताणा करायचा आणि पदराशी थांबायचे. तांबड्या पदरावर पांढऱ्या रेषांची जी नक्षी येते, तिच्यात किल्ल्याचा तट असतो, फणीचे दाते असतात आणि ज्वारीचे कणीसही असते. त्याच प्रदेशातील गुळेदगुड्ड गावी चोळीचे खण विणले जातात. घरातील बायकामाणसे सूत उकलतात, कांड्या भरतात, ताणा लावतात. माग चालवणारा एक दिसतो, पण हात अनेकांचे असतात. यंत्रमागावर आता कृत्रिम धाग्याचे ‘इरकल’ निघते, ते पुष्कळ स्वस्त पडते, आणि फोटोत दोहोंतील भेद सहसा कळत नाही. कॅमेरा कापडाला हात लावून पाहू शकत नाही. वॉटसनसाहेबांना तुकडे कापून चिकटवावे लागले ते उगीच नव्हे.

म्हणजे तसबिरीत बसलेली बाई आपले शेतातले श्रम बाजूला ठेवून दुसऱ्या कोणाचे तरी श्रम नेसून बसते. वस्त्राची ही अदलाबदल तिला ठाऊक नसते असेही नाही. बाजारात लुगडे घेताना ती पदराचा जोड उलटून पाहतेच.

लमाण तांड्यांवर हीच गोष्ट वेगळ्या रीतीने घडते. आळंद तालुक्यात आणि एकूण कलबुर्गी जिल्ह्यात तांडे पुष्कळ आहेत. पोटासाठी येथली माणसे पुण्यामुंबईला बांधकामावर जातात. लमाणी स्त्रीचा परंपरागत वेष, आरसे, कवड्या, नाणी आणि दाट भरतकाम यांनी मढलेला घागरा व कांचळी, हा आता बहुतेक ठिकाणी म्हाताऱ्या बायकांच्या अंगावर किंवा सणाच्या दिवशीच दिसतो. तरुण स्त्रिया साडी नेसतात, मुली पंजाबी पोशाख घालतात. बांधकामावर विटा वाहताना तर साडीवर पुन्हा तोच पुरुषी शर्ट. पण बाहेरून कॅमेरा घेऊन येणाऱ्याला हवी असते ती आरशांची लमाणीण. मग पेटीतला घागरा काढला जातो, आजीला दारात बसवले जाते, आणि छापून येते ते ‘बंजारा स्त्री’ म्हणून. नाव त्याही वेळी नसते. वॉटसनसाहेबांना जाऊन सव्वाशेहून अधिक वर्षे झाली, त्यांची पद्धत मात्र सुखरूप आहे. यात तांड्याचा तोटाच आहे असे म्हणवत नाही. त्या भरतकामाला आज बाजार आहे, आणि संडूरच्या लमाणी भरतकामाला भौगोलिक निर्देशांकही मिळाला आहे. अडचण एवढीच की आरसे दिसतात तेव्हा विटा दिसत नाहीत.

आजच्या छायाचित्रकारांपैकी काहींनी या साऱ्या खटाटोपाकडे डोळे उघडे ठेवून पाहिले आहे. बंगळूरच्या पुष्पमाला एन. या त्यांतल्या अग्रणी. मूळच्या शिल्पकार. त्यांनी क्लेअर आर्नी या छायाचित्रकर्तीबरोबर २००० ते २००४ या काळात दक्षिण भारतातील ‘नेटिव्ह’ स्त्रियांच्या चालीरीतींविषयी एक चित्रमालिका केली. नावच मुळी जुन्या साहेबी ग्रंथासारखे ठेवलेले. तीत पुष्पमाला स्वतःच निरनिराळे वेष करून उभ्या राहतात. कधी राजा रविवर्म्याच्या चित्रातील चांदण्यातली स्त्री, कधी लक्ष्मी, कधी विजापूरच्या आदिलशाही चित्रातील योगिनी, कधी वेलंकणीची माता, कधी वर्तमानपत्रात छापून आलेल्या फोटोतील चोरीच्या आरोपाखाली पकडलेली बाई. चेहरा सर्वत्र एकच. बदलते ते कापड, आणि कापड बदलले की पाहणाऱ्याच्या मनातला आदर, भक्ती किंवा संशय बदलतो. रविवर्म्याचा उल्लेख येथे सहज आलेला नाही. १८९४ साली मुंबईत निघालेल्या त्याच्या छापखान्याने लक्ष्मी-सरस्वतींना साड्या नेसवून घरोघर पोहोचवले, आणि हौशी घरांतून त्या छापील देवींच्या अंगावर खरे जरीचे कापड व टिकल्या चिकटवण्याची चालही पडली. नमुन्यासाठी चिकटवलेले कापड आणि भक्तीने चिकटवलेले कापड, ही दोन्ही एकाच शतकातली.

पुष्पमालांच्या मालिकेचा एक भाग असा आहे की त्यात तयार चित्राऐवजी चित्र तयार होण्याची क्रिया दाखवली आहे. पडदा, दिवे, मदतनीस, सामान. एरवी तसबिरीच्या चौकटीबाहेर जाणारी मेहनत येथे चौकटीत येते. स्टुडिओतला पदर नीट करणारा हात दिसावा, तसे.

महाराष्ट्रात पालघर जिल्ह्यातील जव्हारला बोहाड्याचे सोंग प्रसिद्ध आहे. तेथे कागदाच्या लगद्याचे मुखवटे करणारे कलावंत आहेत. गौरी गिल या छायाचित्रकर्तीने सुभाष आणि भगवान धर्मा कडू या बंधूंना व त्यांच्या सहकाऱ्यांना बरोबर घेऊन २०१५ पासून एक मालिका केली. मुखवटे देवादैत्यांचे न करता रोजच्या जगातले करायचे: माणसाचे, पशुपक्ष्यांचे, वस्तूंचेही. ते तोंडावर चढवून गावातीलच माणसे दुकानात, दवाखान्यात, घरात आपापल्या जागी बसली आणि त्यांची चित्रे काढली गेली. चेहरा पूर्ण झाकलेला. तरीही ही बाई घरी काय काम करते, हा माणूस किती दमला आहे, हे कळल्यावाचून राहत नाही. कारण साडीची चुरगळ, सदऱ्याचा झिजलेला गळा, पायांची ठेवण हे सर्व उघडे असते. चेहऱ्यानेच माणूस ओळखू येतो ही समजूत या चित्रांपुढे फारशी टिकत नाही.

सुधारक ओलवे यांचे काम याहून रोखठोक आहे. मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांची त्यांनी वर्षानुवर्षे चित्रे काढली. कचऱ्याच्या ढिगात, गटारात उतरलेली उघड्या अंगाची माणसे त्यांत आहेत. येथे वस्त्र नसणे हाच मुद्दा आहे: ज्या कामाला अंगभर संरक्षक पोशाख हवा, ते काम उघड्या हातापायांनी केले जाते. २०१६ साली ओलवे यांना पद्मश्री मिळाली. पी. साईनाथ यांनी १९९३ ते २००२ या वर्षांत दहा राज्यांत हिंडून ग्रामीण स्त्रियांच्या श्रमांची छायाचित्रे घेतली आणि त्यांचे प्रदर्शन गावोगाव नेले. या दोघांची चित्रे पाहणाऱ्याला अस्वस्थ करतात, आणि करावीतच. पण ती चित्रे कोणी आपल्या घरात लावण्यासाठी काढवून घेतलेली नाहीत. माणूस आपल्या कामाच्या कपड्यांत दिसतो तेव्हा तो इतरांसाठी दिसतो, आणि स्वतःसाठी दिसू लागला की कामाचे कपडे उतरवतो, ही फट तशीच राहते.

आता शेवटच्या प्रकाराकडे वळू. गेल्या काही वर्षांत कलबुर्गी भागातील मजूर स्त्रियांचे सर्वांत अधिक फोटो कोठे निघाले असतील तर ते रोजगार हमीच्या कामावर. २००५ च्या कायद्याखाली चाललेल्या त्या योजनेत हजेरी मोबाइलवरून घेण्याची पद्धत आली, आणि १ जानेवारी २०२३ पासून बहुतेक सर्व सार्वजनिक कामांवर ती सक्तीची झाली. दिवसातून दोन वेळा मजुरांचा फोटो, त्यावर वेळ आणि जागा यांची नोंद. फोटो चढला तर हजेरी, हजेरी लागली तर मजुरी. दुपारी काम आटोपले तरी दुसऱ्या फोटोसाठी थांबायचे. मोबाइलला संपर्क मिळाला नाही तर दिवस बुडण्याची धास्ती. या फोटोत मात्र तो शर्ट आहे, टॉवेल आहे, कुदळ आणि पाटी आहे. श्रमाच्या वेषातील लक्षावधी माणसांची एवढी चित्रे देशात पूर्वी कधीच निघाली नसतील. वॉटसनसाहेबांच्या ४६८ चित्रांचा हिशेब एका तालुक्यात एका सकाळी पुरा व्हावा. आणि या चित्रांकडे माणूस म्हणून कोणी पाहत नाही. ओळीने उभी केलेली डोकी मोजली की काम झाले.

न पाहिल्यामुळे काय होते तेही दिसले. यादगीर हा २०१० पर्यंत गुलबर्गा जिल्ह्याचाच भाग होता. त्या जिल्ह्यातील मल्हार गावची एक बातमी २०२५ च्या एप्रिलात वर्तमानपत्रांत आली. हजेरीच्या फोटोसाठी पुरुषांना साड्या नेसवून, डोक्यावर पदर ओढून, बायकांच्या जागी उभे करण्यात आले होते. कागदोपत्री नावे बायकांची, फोटोत साड्या, जमाखर्च जुळला. लोक हसले. खरोखर हसण्यासारखा प्रसंग आहेही. पुरुष साडी नेसले की मराठी रंगभूमी हसत आली आहे. पण ज्या बायकांच्या नावे ते उभे होते त्यांचा त्या दिवसांचा रोजगार कोठे गेला, हा प्रश्न हसण्यात बुडाला. त्याच वर्षी जुलैमध्ये केंद्राच्या ग्रामविकास खात्याने परिपत्रक काढून अशा फोटोंतील गैरप्रकारांची यादीच दिली: भलतेच फोटो, फोटोचाच पुन्हा काढलेला फोटो, नोंदीतील स्त्री-पुरुषांच्या संख्येशी न जुळणारा फोटो.

जव्हारच्या चित्रात चेहरा झाकला तरी माणूस दिसतो. मल्हारच्या फोटोत पदर ओढला तर स्त्रीऐवजी पुरुष चालून जातो. दोन्ही ठिकाणी कापडच बोलते आहे. फरक पाहणाऱ्याच्या सवडीत आहे. एके ठिकाणी छायाचित्रकाराने तासन्‌तास बसून पाहिले, दुसऱ्या ठिकाणी कोणीच पाहिले नाही. साडीवर चढवलेला जुना शर्ट, बाह्यांवर पडलेले तुरीचे डाग, नख्या मोडलेली बोटे यांच्याकडे क्षणभर जरी कोणी निरखून पाहिले असते तरी त्या कोऱ्या, इस्त्रीच्या घडीतल्या साड्यांचा संशय आला असता. कामावरची बाई घडीची साडी नेसून येत नाही, हे त्या भागातील शाळकरी पोरही सांगेल.

गुलबर्ग्याच्या तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. ही डाळ कोठली, कोणत्या मातीतली, याचे ते अधिकृत ओळखपत्रच म्हणायचे. ती डाळ ज्यांच्या हातांतून जाते त्या बायकांची ओळखपत्रे निराळी असतात: मतदाराचे, आधारचे, हजेरीचे. त्यांवरील चेहरे बहुधा त्यांच्या लेकींनाही धड ओळखू येत नाहीत.

कडगंचीच्या परिसरात आता मोबाइल घरोघर आहे आणि रंगवलेला पडदा दिसेनासा होत चालला आहे. मुले शेतातच आईचा फोटो काढतात. पोराने फोन वर धरला की आई हातातला विळा खाली ठेवते, डोक्याचा टॉवेल सोडते, आणि शर्टाची बटणे काढू लागते. ‘असू दे की’ असे पोरगे म्हणते. कधी ती ऐकते, बहुधा ऐकत नाही. शर्ट उतरवून बांधावर टाकते, पदर पुढे घेऊन त्याचे तांबडे टोक नीट दिसेल असे धरते, आणि मगच उभी राहते. फोटो झाला की शर्ट पुन्हा अंगात जातो. क्वचित एखाद्या फोटोत कडेला बांधावर पडलेला तो शर्ट, एक बाही वर आलेली, चुकून आलेला असतो. मुलगा तो भाग कापून टाकतो.